फोटोत न आलेला पाय

आरोग्य वार्ताहराला रुग्ण सगळ्यात शेवटी भेटतो. आधी जनसंपर्क अधिकाऱ्याचा फोन येतो, मग प्रेस नोट, मग हॉटेलातली पत्रकार परिषद, मग चहा आणि कटलेट. हे सगळे पार पडल्यावर डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीत नवे कपडे घातलेला एक माणूस दिसतो. आपल्याला नेमके काय झाले होते, हे तो पहिल्यांदाच इतके सविस्तर ऐकत असतो. तो रुग्ण.

नाशिकच्या एका दैनिकात मी निवृत्तीपर्यंत आरोग्याची बातमीदारी केली. या कामाची स्वतःची भाषा आहे. 'यशस्वी शस्त्रक्रिया' म्हणजे पत्रकार परिषदेच्या वेळी रुग्ण बसू शकतो. 'दुर्मिळ शस्त्रक्रिया' म्हणजे त्या डॉक्टरांनी ती पहिल्यांदा केली. 'उत्तर महाराष्ट्रात प्रथमच' म्हणजे शेजारच्या रुग्णालयात कोणी चौकशी केलेली नाही. गुडघ्याची एक शस्त्रक्रिया एकाच हंगामात तीन रुग्णालयांत उत्तर महाराष्ट्रात प्रथमच झाली. तिन्ही बातम्या आमच्याकडे छापून आल्या. एकाही वाचकाने तक्रार केली नाही. तिन्ही डॉक्टरांनी केली.

मुतखड्याच्या बातमीत खडा किती मोठा होता हे कळावे म्हणून शेजारी लिंबू ठेवायची पद्धत होती. एका डॉक्टरांनी फोन करून विचारले होते, "तुमच्या फोटोग्राफरनं एवढं मोठं लिंबू आणलं कुठून? माझा खडा लहान दिसतोय." पुढच्या वेळी लिंबू त्यांनीच आणले.

आमचा फोटोग्राफर बाळू. यशस्वी शस्त्रक्रियेचा फोटो कसा असतो, हे त्याला झोपेतही ठाऊक होते: मधे रुग्ण, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला प्रमुख पाहुणे, मागे बॅनर. सगळे कंबरेपासून वर. खालचा भाग आला तरी पान लावताना डेस्कवर तो कापला जाई. पायांनी जागा जाते आणि डोकी लहान होतात, असे कारण होते. ते व्यावहारिक होते. ज्याचे डोके लहान दिसते, तो दुसऱ्या दिवशी फोन करतो. पाय कोणाचेही असले तरी फोन करत नाहीत.

हे सांगायचे कारण कोमल.

कोमल बागलाणातल्या नामपूरची. तिची आई लताबाई कांद्याच्या खळ्यावर मजुरी करते. व्यापाऱ्याने लिलावात घेतलेला माल निवडून गोण्या भरायच्या. कोमल पहिलीत असताना तिच्या उजव्या दंडाच्या हाडात गाठ झाली. गाठ काढायची तर हाडाचा मोठा तुकडा जाणार आणि हात लोंबकळत राहणार. नाशिकच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात तिच्या डाव्या पायातले हाड काढून दंडात बसवले. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडल्या. हात वाचला. हे काम अवघड होते आणि ज्यांनी केले ते सर्जन निष्णात होते. रुग्णालयात त्यांना सगळे नुसते 'सर' म्हणत. या लेखात पुढे जे येते त्यात यातले एक अक्षरही खोटे ठरत नाही.

गुडघ्याखाली दोन हाडे असतात. पुढची जाड नडगी आणि तिच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड, फिब्युला. शरीराचे बहुतेक वजन नडगी पेलते. म्हणून दुसरीकडे हाड हवे असले की सर्जन फिब्युला काढतात. प्रेस नोटमध्ये याविषयी एक वाक्य होते: 'पायातील या हाडाची शरीराला फारशी गरज नसते.' ते वाक्य सगळ्या वर्तमानपत्रांत जसेच्या तसे आले. आमच्याकडेही आले.

पत्रकार परिषदेत कोमल खुर्चीत होती. डावा पाय प्लास्टरमध्ये, टेबलाखाली. टेबलावर जमिनीपर्यंत जांभळे सॅटिन सोडलेले. जनसंपर्क अधिकारी मिलिंदने सूचना केली, "कोमल, हात वर कर बेटा. अजून वर. हसायचं."

"पाय बाहेर येतोय," बाळू म्हणाला.

"टेबल पुढे घेऊ," मिलिंद म्हणाला आणि टेबल पुढे घेतले.

कार्यक्रम संपताना लताबाईंनी त्याला विचारले, "पायाचं काय करायचं साहेब?"

"पाय ठणठणीत आहे, ताई. त्यातून फक्त हाड घेतलंय."

त्यानंतर दरवर्षी रुग्णालयाच्या वर्धापनदिनाला कोमलला बोलावणे येऊ लागले. कार्यक्रमाचे नाव 'यशोगाथा'. पहिल्या वर्षी तिने व्यासपीठावर हात वर केला. दुसऱ्या वर्षी प्रेक्षकांत चेंडू फेकला. तिसऱ्या वर्षी फळ्यावर 'धन्यवाद' लिहिले आणि लोक उभे राहिले. तिसऱ्या वर्षापासून आणखी एक बदल झाला. बाकीचे रुग्ण नाव पुकारल्यावर पायऱ्या चढून येत. कोमलला पडदा उघडायच्या आधीच खुर्चीत बसवू लागले. ती चढायला वेळ लावते आणि कार्यक्रम रेंगाळतो, असे मिलिंदचे म्हणणे होते. ती वेळ का लावते, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

कोमल पाचवीत गेली त्या उन्हाळ्यात लताबाई तिला घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. बागलाणातली बोली अहिराणीकडे झुकते. लताबाई आमच्याशी शहरी मराठीत सुरुवात करत आणि मुद्द्याचे आले की घरच्या बोलीत शिरत. पिशवीतून त्यांनी आमच्या बातमीचे लॅमिनेट केलेले कात्रण काढले.

"भाऊ, हात चांगला शे," त्या म्हणाल्या. "पाय दखा ना."

कोमलने चपला काढल्या. मागून पाहिल्यावर सांगायला डॉक्टर लागत नव्हता. उजवी टाच सरळ होती. डावी टाच बाहेरच्या अंगाला कलली होती आणि घोट्याचा आतला उंचवटा जमिनीकडे झुकला होता. सगळा भार पावलाच्या आतल्या कडेवर पडत होता. चपलेची तीच कड झिजून पातळ झाली होती.

"दुखतो का?" मी विचारले.

"शाळेत जाताना नाही दुखत," कोमल म्हणाली. "येताना दुखतो."

लताबाईंनी कात्रणातल्या एका ओळीवर बोट ठेवले. "पेपरमा लिखेल शे, ह्या हाडनी गरज नही. मग पाय असा का होतोय?"

त्या रुग्णालयात गेल्या नव्हत्या असे नाही. प्रत्येक वेळी कोमलच्या हाताचा एक्स-रे निघे, सर तिला हात वर करायला सांगत, 'छान' म्हणत आणि पुढच्या तपासणीचा महिना देत. पायाविषयी बोलले की खिडकीवर पाठवत. खिडकीवरचा संवाद लताबाईंनी जसा सांगितला तसा:

"पायाचं ऑपरेशन कधी झालं?"

"पायाचं नाही झालं. पायातलं हाड काढलं."

"कशासाठी?"

"हातासाठी."

"मग ते हाताचंच. हाताच्या विभागात जा."

हाताच्या विभागात हात उत्तम होता.

मी सरांना फोन केला.

"सर, कोमलबद्दल विचारायचं होतं."

"कोमल? अहो, हात खांद्याच्या वर जातो तिचा. कंगवा स्वतः फिरवते."

"पायाबद्दल."

"कोणाच्या?"

"तिच्याच. हाड घेतलं तो."

"अच्छा, तो. ती जखम तर केव्हाच भरली."

"टाच कलली आहे. मी पाहिली."

"मुलं चालतात हो वेडीवाकडी. माझा मुलगा दहावीपर्यंत तसाच चालायचा. काही लिहिताय का?"

"विचारतोय फक्त."

"मग वर्धापनदिनाला या. या वेळी पाहुणे मोठे आहेत."

त्याच रुग्णालयात आठवड्यातून एकदा लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टर येत. मी मायलेकींना त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्या बाईंनी कोमलला तपासले, पायाचा एक्स-रे काढून घेतला आणि समजेल असे सांगितले. घोट्याचा सांधा दाराच्या चौकटीसारखा असतो. आतला खांब नडगीच्या टोकाचा, बाहेरचा खांब फिब्युलाच्या टोकाचा. हाड काढताना हे खालचे टोक शाबूत ठेवतात. मोठ्या माणसाचे त्यावर बहुधा भागते. लहान मूल वाढत असते. वरचा आधार गेलेला बाहेरचा खांब वर सरकू शकतो, नडगीच्या खालच्या टोकाची बाहेरची बाजूही कमी वाढते आणि चौकट कलते. म्हणून मुलांमध्ये ते टोक बऱ्याचदा स्क्रूने नडगीला बांधून टाकतात आणि वाढ संपेपर्यंत पायाचेही एक्स-रे काढत राहतात.

"तेव्हा बांधलं नव्हतं का?" मी विचारले.

"एक्स-रेत स्क्रू दिसत नाही," बाई म्हणाल्या. "एवढंच मी म्हणू शकते."

"आता काय?"

"आता आतल्या बाजूनं एक स्क्रू घालायचा. आतली वाढ थांबते, बाहेरची चालू राहते आणि घोटा हळूहळू सरळ होतो. छोटं ऑपरेशन आहे. पण ती वाढतेय तोवरच. मुलींची वाढ लवकर थांबते. एकदा थांबली की हाड कापून सरळ करावं लागेल."

लताबाईंनी फक्त शेवटचे वाक्य उचलले. "आजून कापायचं? हातासाठी कापलं, आता पायासाठी?"

"म्हणून तर म्हणते, वेळ घालवू नका."

पण वेळ लताबाईंच्या हातात नव्हता. खासगीत जाणे त्यांना शक्य नव्हते. ट्रस्टच्या योजनेतून ऑपरेशन करायचे, तर मूळ सर्जनची शिफारस लागते. आणि मूळ सर्जनच्या मते मुलाचा पाय वाकडाच पडतो, त्यांच्या मुलाचाही पडत असे. बाईंनी त्यांच्याशी बोलून पाहिले. 'वाट पाहू' असे उत्तर आले. ज्या गोष्टीची वाट पाहायची होती ती म्हणजे वाढ थांबणे, हे बाईंनी सांगितले की नाही, ठाऊक नाही.

मी संपादकांकडे गेलो. संपादक सज्जन होते. त्यांना प्रत्येक गोष्टीला दोन बाजू लागत.

"लेखी तक्रार आहे?"

"नाही."

"मग बातमी कशाची?"

"पायाची."

"पाय म्हणजे बातमी नाही. पायाची तक्रार म्हणजे बातमी. आईला लिहून द्यायला सांगा."

लताबाईंनी लिहून दिले नाही. "हात सरनी वाचवला, भाऊ. मी त्यास्नी तक्रार करू? पोरगी त्याच हातानं भाकरी थापते." मग त्या म्हणाल्या, "तक्रार नाही माझी. कोणी पाय बघावा, एवढंच."

वर्तमानपत्रात तक्रारीला जागा असते, आभाराला असते, श्रद्धांजलीला तर असतेच. नुसते बघावे म्हणणाऱ्याला कुठले पान द्यायचे, हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हते.

वर्धापनदिन आला. सभागृह भरलेले. कोमल पडद्याआधीच खुर्चीत, पुढे फुलांच्या कुंड्या. पाहुणे एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी होते. ते भाषणात आरोग्याविषयी बोलून पुढे योगासनांकडे, तिथून स्वतःच्या दिनचर्येकडे गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग सर माईकवर आले.

"ही आपली कोमल. आता तिलाच विचारू. कोमल बेटा, ऑपरेशन कुठं झालं? सगळ्यांना दाखव."

मिलिंदने कोपऱ्यातून हात वर करून दाखवला. दरवर्षीची खूण होती. सभागृहाने टाळीसाठी हात जुळवून ठेवले.

कोमल खुर्चीतून उठली. कुंड्यांच्या पुढे आली. उजवा हात, तोच, खाली नेला, सलवार वर घेतली आणि तो हात डाव्या घोट्यावर ठेवला. तशीच वाकून थांबली. लोकांकडे पाहत होती.

पाहुण्यांनी विचारले, "पायाला काय झालंय हिच्या?"

माईक चालू होता. सर म्हणाले, "हाड तिथून घेतलं ना, तेच दाखवतेय. हुशार आहे." टाळ्या पडल्या. बाळू पुढे जाऊन गुडघ्यावर बसला आणि फोटो काढले. मला वाटते, त्याने त्या सभागृहात पहिल्यांदाच कॅमेरा इतका खाली नेला असेल.

उतरताना मी कोमलला विचारले, "तुला कोणी सांगितलं होतं असं करायला?"

"नाही. सर म्हणाले दाखव. मी दाखवलं."

संध्याकाळी डेस्कवर अडचण उभी राहिली. उपसंपादकाने सवयीप्रमाणे फोटो कंबरेवर कापला. हात गेला. गुडघ्यावर कापला. पुन्हा हात गेला.

"बाळू, हात वर केलेला नाही का?"

"नाही. या वर्षी तिनं खाली केला."

"यशस्वी हाताची बातमी आणि हातच नाही, असं कसं चालेल?"

"मग पाय ठेव," बाळू म्हणाला. "पाय ठेवलास की हात येतो."

पाय ठेवला. हात, घोटा आणि कललेली टाच, सगळे एका चौकटीत, आतल्या पानावर, रंगीत. खाली ओळ होती: 'शस्त्रक्रिया झालेला हात दाखवताना कोमल.' संपादकांनी पान पाहिले आणि हरकत घेतली नाही. दोन्ही बाजू आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. हाताविषयी एकही नव्हता. सातपूरच्या एका कारखान्यातल्या कामगाराने विचारले, माझ्या पुतण्याचंही असंच हाड काढलंय, त्याचाही पाय असा होणार का? मेन रोडवरच्या एका चप्पल दुकानदाराने सांगितले की या मुलीला आत उंचवटा असलेला सोल लागेल, पण आधी डॉक्टरला दाखवा. शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी तो फोटो टाकला. खाली मजकूर नव्हता, फक्त एक प्रश्नचिन्ह होते. सर त्या ग्रुपवर होते. लेखी तक्रारीने जे झाले असते की नाही सांगता येत नाही, ते प्रश्नचिन्हाने झाले. त्याच आठवड्यात नामपूरला फोन गेला: कोमलला घेऊन या, पायाची तपासणी आहे.

शिफारस मिळाली. बाईंनी स्क्रू घातला. काही दिवसांत मिलिंदचा मला फोन आला.

"सर, पत्रकार परिषद आहे. घोट्यातील व्यंगावर वाढीला दिशा देणारी शस्त्रक्रिया. उत्तर महाराष्ट्रात प्रथमच."

प्रेस नोटमध्ये 'वाढीच्या वयात उद्भवलेले व्यंग' असा उल्लेख होता. ते कशामुळे उद्भवले, याला जागा पुरली नसावी. हॉटेल तेच. या वेळी सॅटिनचे कापड एका स्टुलावर होते आणि स्टुलावर कोमलचा पाय. "फक्त पाय घ्या," मिलिंदने बाळूला सांगितले. बाळूने पाय घेतला. कोमलने सवयीने हात वर केला होता. तो फोटोत आला नाही.

शेवटी लताबाईंनी विचारले, "हा स्क्रू काढायचा कधी?"

"ताई, आत्ताच तर घातलाय," मिलिंद म्हणाला. "चहा घ्या."

प्रश्न मात्र महत्त्वाचा होता. स्क्रू ठरल्यापेक्षा जास्त काळ राहिला, तर घोटा सरळ होऊन थांबत नाही, उलट्या बाजूला कलायला लागतो. बाईंनी ते एकदाच सांगितले होते. लताबाईंच्या ते डोक्यात बसले होते. त्यांनी वर्धापनदिनाच्या बोलावण्याची वाट पाहणे सोडून दिले. खळ्यावर कांद्याची गर्दी असो की नसो, बाईंच्या वारी कोमलला घेऊन एसटीने नाशिकला यायच्या. खिडकीवर 'हात की पाय' विचारले की 'पोरगी' म्हणायच्या. त्यांनीच मला हे सांगितले आणि हसल्या.

दरम्यान मी निवृत्त झालो. निरोप समारंभात बाळूने माझा फोटो काढला, कंबरेपासून वर.

या वर्षी लताबाईंचा फोन आला. बाईंनी एक्स-रे पाहिला आणि घोटा सरळ झाला असे सांगून स्क्रू काढला. पत्रकार परिषद झाली नाही. काढलेल्या स्क्रूची बातमी होत नाही. तो एवढासा असतो आणि शेजारी लिंबू ठेवावे तर दिसतही नाही. मिलिंद आता दुसऱ्या रुग्णालयात आहे. तिथेही बऱ्याच गोष्टी प्रथमच होतात.

"भाऊ, तुम्ही आता पेपरमा नही ना," लताबाई म्हणाल्या. "नाहीतर सांगितलं असतं, टाका."

मी पेपरमध्ये नाही हे खरे. या अंकाच्या संपादकांनी मात्र आठवणी लिहायला सांगितल्या आहेत आणि जागेची अट घातलेली नाही. तेव्हा राहिलेली बातमी इथे देतो.

नामपूर, वार्ताहराकडून : येथील विद्यार्थिनी कोमल हिच्या डाव्या घोट्यातील स्क्रू काढण्यात आला. टाच सरळ आहे. ज्या ठिकाणचे हाड काढले, तिथले स्नायू कमजोर झाल्यामुळे त्याच पायाचा अंगठा पुरेसा वाकत नाही आणि अंगठ्याची चप्पल निसटते. त्यामुळे ती पट्ट्याची सँडल घालते. त्या अंगठ्याची तपासणी अद्याप कोणत्याही विभागाने आपल्याकडे घेतलेली नाही. शाळेतून येताना आता पाय दुखत नाही, असे तिने सांगितले. हात उत्तम आहे.